मेकन काउंटीचा कार्व्हर

आमच्या घरी वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आले ते थोरल्या बहिणीला मिळालेले बक्षीस म्हणून. पाने सुटी होईपर्यंत आम्ही भावंडांनी ते वाचले. त्या जोरावर मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत भाषणही ठोकले. पीनट बटरचा शोध कार्व्हरने लावला, हे वाक्य मी कुठून उचलले होते कोण जाणे, पण टाळ्या मिळाल्या. तो शोध त्याचा नव्हेच, हे पुष्कळ वर्षांनी कळले आणि ओशाळायला झाले. त्या फजितीपायी कार्व्हरविषयी मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता शेंगदाणा मागे पडला आणि पुढे आली ती अलाबामा राज्यातली मेकन काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यासारखी. टस्कीगी हे तिचे मुख्य गाव.

कार्व्हरचे बालपण मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मिसुरीतल्या गुलाम आईच्या पोटी झालेला जन्म, आईला पळवून नेणारे दरोडेखोर, मोझेस आणि सुसान कार्व्हर यांनी केलेला सांभाळ, कातडीचा रंग पाहून दारातूनच परत पाठवणारे कॅन्ससमधले कॉलेज. पुढे आयोवात शेतकीची पदवी, १८९६ साली एम.एस. तिथेच राहता तर चित्रे काढीत, रोपे जोपासत सुखाने आयुष्य गेले असते. पण त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले आणि कार्व्हर टस्कीगीला निघाले.

त्या शाळेची कथाही ऐकण्यासारखी आहे. लुईस अ‍ॅडम्स हा एकेकाळचा गुलाम, धंद्याने पत्र्याची कामे करणारा कारागीर. त्याने आणि जॉर्ज कॅम्पबेल या गोऱ्या व्यापाऱ्याने मिळून खटपट केली. सरकारातून वर्षाला २ हजार डॉलर मंजूर झाले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. ४ जुलै १८८१ रोजी वर्ग भरले ते चर्चच्या आवारातल्या मोडक्या खोलीत. इमारतींसाठी मुलांनीच विटा पाडल्या. भट्टी तीनदा फसली. चौथ्या खेपेला वॉशिंग्टननी आपले घड्याळ गहाण टाकले, तेव्हा कुठे विटा पक्क्या भाजून निघाल्या!

शाळा उभी राहिली, पण भोवतालची जमीन कापसाने खाऊन टाकली होती. वर्षानुवर्षे एकच पीक. आणि जमीन कसणारा बहुधा कूळ. बी, पीठ, खेचर सारे उधारीवर उचलायचे आणि पीक उभे राहण्याआधीच ते दुकानदाराकडे तारण. दुकानदाराला हवा कापूस, म्हणून दारापर्यंत कापूसच. सावकारी पाशाच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्या शेतकरी घरांना हे समजावून सांगावे लागू नये.

कार्व्हरचे खरे काम इथे सुरू झाले, असे माझे मत आहे. प्रयोगशाळेसाठी त्यांनी उकिरड्यावरच्या बाटल्या वेचल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्याहून मोठी गोष्ट ही, की विकतचे खत या माणसांना परवडणार नाही, हे त्यांनी ओळखले. मग जंगलातला पालापाचोळा, दलदलीतला गाळ यांचे खत. चवळीसारखी, जमिनीला नत्र परत देणारी पिके. कापसाच्या जोडीला रताळी. भुईमूग आला तो याच ओघात, जमिनीसाठी आणि गरिबाच्या पोटासाठी. दरमहा शेतकऱ्यांचे मेळावे भरत. साध्या भाषेतल्या पुस्तिका फुकट वाटल्या जात. १९११ सालची एक पुस्तिका मला फार आवडते. मेकन काउंटीतल्याच मातीपासून घराला पांढरा आणि रंगीत हात कसा द्यावा, एवढाच तिचा विषय. ज्यांच्या झोपडीने कधी रंग पाहिला नव्हता, त्यांच्यासाठी!

जे शाळेपर्यंत येऊ शकत नव्हते त्यांच्याकडे १९०६ पासून शाळाच जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या देणगीतून, कार्व्हरच्या आराखड्यानुसार गाडी तयार झाली. तिच्यात नांगर, बियाणे, लोणी काढण्याची साधने. थॉमस कॅम्पबेल हा कार्व्हरचाच विद्यार्थी ती घेऊन गावोगाव फिरू लागला.

यातून काउंटीची गरिबी हटली का? नाही. ज्याची जमीन नाही, त्याला काय पेरावे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता, आणि खत कितीही चांगले असले तरी ते वही मिटवू शकत नाही. याच काउंटीत १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निरीक्षणासाठी निवडले. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही, उपचारही होऊ दिले नाहीत. हे तब्बल ४० वर्षे चालले. त्यातले बहुतेक गरीब कूळ शेतकरी होते. कार्व्हर ज्यांच्यासाठी झटले, तीच ही माणसे.

१९२१ साली वॉशिंग्टन शहरात, संसदेच्या समितीपुढे भुईमुगावरील जकातीबाबत बोलायला कार्व्हर उभे राहिले. दहा मिनिटे दिली होती, समितीने वेळ वाढवत नेला. त्या दिवसापासून ते देशाचे ‘शेंगदाणेवाले’ झाले. वर्तमानपत्रांना तीनशे पदार्थ आवडले. पालापाचोळ्याच्या खताची बातमी होत नाही. आमच्या भाषणातही ती नव्हती.

माणूस म्हणून ते काही सोपे नव्हते. वॉशिंग्टन शिस्तीचे भोक्ते, यांना कारभार म्हणजे जाच. कोंबड्यांच्या खुराड्याच्या हिशेबावरून दोघांत इतके वाजले, की कार्व्हरनी राजीनाम्याच्या धमक्या दिल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा! पण गेले मात्र कुठेच नाहीत. १९१५ मध्ये वॉशिंग्टन वारले. कार्व्हर त्यानंतरही तिथेच राहिले. आयुष्यभराची पुंजी, सुमारे ६० हजार डॉलर, त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. १९४७ च्या आगीत त्यांची बरीच चित्रे जळाली. संग्रहालय मात्र सावरले.

खुराड्यावरून भांडणारे ते दोघे टस्कीगीच्या आवारात शेजारी शेजारी चिरनिद्रा घेत आहेत.