चवदार तळ्यापासून संविधानापर्यंत

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी व भीमाबाई यांच्या पोटी झाला. साताऱ्याच्या शाळेत ते गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने वरून पाणी ओतले तरच त्यांची तहान भागे. हाच विद्यार्थी पुढे कोलंबिया व लंडन विद्यापीठांच्या पदव्या मिळवून बॅरिस्टर झाला. एवढे आपल्या मुलांना ठाऊक असते. परंतु हक्क कसा वापरावा, हे बाबासाहेबांच्या चरित्रातून शिकवायचे राहून जाते. त्यासाठी वयात येणाऱ्या मुलामुलींना महाडचा लढा नीट समजावून सांगावा.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण हा हक्क कागदावरच होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले आणि तो प्रत्यक्षात आणला. त्या दिवशी आपल्या बांधवांना मार खावा लागला. तरी बाबासाहेबांनी कोणाला उलट हात उगारू दिला नाही.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. विरोधकांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला. जमलेले हजारो लोक तुरुंगात जाण्यास तयार होते. तरीही बाबासाहेबांनी हुकुमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढविला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. हक्कासाठी धैर्य आणि कायद्याची जबाबदारी, दोन्ही या एकाच लढ्यात दिसतात.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करण्यास कलम १५ ने बंदी घातली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट कलम ३२ ने दिली. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये १९७६ साली कलम ५१-अ मध्ये आली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. कायद्याला घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. तेथे पंचशील लागते. आपणच मुलीची शाळा सोडविली, शेजारच्या जातीला हलके लेखले, तर कोणते कलम आपल्याला वाचविणार? म्हणून उपासक-उपासिकांनी दर रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांकडून संविधानाचे एक कलम वाचून घ्यावे. अठराव्या वर्षी मत हाती येईल, तेव्हा त्याची किंमत त्यांना कळलेली असेल.