म्हाइंभटांचा बॅकअप

फोन हरवला तरी क्लाउडवरचे फोटो वाचतात, कारण एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या मशीनवर असतात. माझं रोजचं काम हेच. ते समजवायला मला अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवतं.

तेराव्या शतकात सराळ्याचे पंडित म्हाइंभट चक्रधर स्वामींशी वाद घालायला गेले आणि शिष्य झाले. स्वामी उत्तरेला गेल्यावर त्यांच्या आठवणी शिष्यांकडे विखुरलेल्या राहिल्या. म्हाइंभट एकेकाला भेटले, ऐकलेलं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं आणि १२७८च्या सुमारास रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं.

पुढे परचक्रात मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. पण कुणाला ती पाठ होती, कुणाकडे काही भाग होते. त्यावरून ती पुन्हा उभी राहिली. म्हणूनच आज तिचे अनेक पाठ मिळतात.

म्हणजे प्रतींमुळे मजकूर वाचतो, पण त्यांच्यात फरक पडला तर खरी कोणती? आमच्या सिस्टिम हे बऱ्याचदा मशीनच्या बहुमताने ठरवतात. लीळाचरित्राच्या अभ्यासकांना मात्र ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते.

आता सांगा, तुमच्या घरच्या जुन्या फोटोंच्या प्रती किती? सगळ्या एकाच फोनमध्ये असतील, तर ती एकच प्रत समजा.