वस्ताद लहुजी : पट्टा आणि पाटी

विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने येरवड्याकडे उतरून संगमवाडी गाठली की वस्ताद लहुजी राघोजी साळवे यांची समाधी लागते. १४ नोव्हेंबरला आणि १७ फेब्रुवारीला तिथे मातंग समाजाची गर्दी लोटते. आमच्या वस्त्यांतून मात्र तिकडे थोडीच पावले वळतात. १ जानेवारीला भीमा-कोरेगावला गाड्या भरून जाणारे आम्ही, हाकेच्या अंतरावरचा हा वस्ताद दुसऱ्या समाजाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो आहोत.

लहुजींचा जन्म १७९४ सालचा, पुरंदरच्या पायथ्याचा. घराणे मांग जातीचे आणि शस्त्रविद्येचे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी-येरवड्याच्या रणात वडील राघोजी पेशव्यांच्या बाजूने लढताना पडले, असे सांगतात. दीड महिन्याने कोरेगावला महार शिपाई त्याच पेशव्यांच्या फौजेशी झुंजले. काहींना ही अडचण वाटते. आम्हांला वाटत नाही. ज्या पेशवाईसाठी राघोजींनी रक्त सांडले, तिला मांगाच्या सावलीचाही विटाळ होता. मग लाज कोणाला वाटायला हवी?

पुढे लहुजींनी पुण्यात तालीम काढली. गंज पेठेत आजही त्यांच्या नावाची तालीम आहे. कुस्ती, निशाणबाजी आणि दांडपट्टा ही तिथली विद्या. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून सेबर नावाची तलवार खेळली जाते, तिचा सारा खेळ बोटांचा नि मनगटाचा. २०२१ मध्ये टोकियोत भवानी देवी हेच हत्यार घेऊन उतरली आणि ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळणारी पहिली भारतीय ठरली. आपल्या पट्ट्याला पदक नाही. तो मिरवणुकीत फिरतो आणि टाळ्या घेतो.

या तालमीत तरुण जोतीराव फुले पट्टा आणि निशाणबाजी शिकले. ही गोष्ट जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवली आहे, तीही गुरूचे नाव जातीसकट घेऊन. माळ्याच्या पोराने मांगाला गुरू म्हणणे त्या काळी सोपे नव्हते. वासुदेव बळवंत फडकेही लहुजींचे शिष्य होते, असे परंपरा सांगते. शिष्याचे नाव घरोघर गेले, वस्तादाचे मात्र तालमीच्या दारातच अडले!

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. इंग्रजांना हत्याराने हाकलायचा विचार जोतीरावांनी सोडला आणि १८४८ साली मुलींची शाळा काढली. दुसरा कोणी वस्ताद असता तर शिष्यावर रुसला असता. लहुजींनी उलट मांगवाड्यातली पोरे गोळा करून शाळेत धाडली. १८५२ साली वेताळ पेठेत महार-मांगांची शाळा निघाली, तिच्याही पाठीशी ते उभे राहिले. शाळेच्या वाटेवर शेण-दगड पडत होते, त्या काळात तालमीच्या दराऱ्याचे मोल काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांच्याच नात्यातल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि आम्हांला धर्म कोणता, असे थेट देवालाच विचारले.

लहुजींनी लग्न केले नाही. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी ते गेले, तेव्हा वय छ्याऐंशी होते. जोतीराव आणि सावित्रीबाई तेव्हा पुण्यातच होते, आणि मुक्ताच्या निबंधाला सव्वीस वर्षे झाली होती.