डॉक्टर हॅन्सेन : महारोगाच्या जंतूचे शोधक

ज्या घरांत महारोग निघतो त्या घरीं सोयरीक करण्यास लोक भितात; हा रोग रक्तांतूनच पिढीजात चालत येतो, असें त्यांस वाटतें. हा समज ज्या विद्वानानें खोटा ठरविला, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत गौरवाजोगें पुष्कळ आहे. आणि एक गोष्ट अशीही आहे कीं, ती झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

गेऱ्हार्ड आर्माउएर हॅन्सेन यांचा जन्म नॉर्वे देशांतील बर्गन शहरीं ता. २९ जुलै १८४१ रोजीं झाला. घरीं पंधरा भावंडें होतीं. वैद्यकाची परीक्षा ते १८६६ त उतरले. कांहीं काळ उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर त्यांनीं कोळी लोकांना औषधोपचार केले, आणि १८६८ त बर्गनला परत येऊन ते महारोग्यांच्या रुग्णालयांत काम करूं लागले.

त्या काळीं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गरीब शेतकरी व कोळी यांमध्यें हा रोग फार होता. बर्गनचे मुख्य वैद्य डॉ. डॅनियलसेन या विषयांत सर्व युरोपांत अग्रगण्य मानले जात. रोग आनुवंशिक आहे, असें त्यांचें मत होतें. रोग्याच्या गांठींतील द्रव्य त्यांनीं स्वतःच्या अंगांत टोचून घेतलें होतें, तरी त्यांस रोग जडला नाहीं; तेणेंकरून तें मत अधिकच दृढ झालें.

हॅन्सेन यांनीं मात्र गांवोगांव फिरून चौकशी केली. १८५६ पासून सरकारनें रोग्यांची जी नोंदवही ठेविली होती, तीही त्यांनीं तपासली. रोग जेथें एकदां शिरतो तेथें सहवासानें पसरतो, असें त्यांस दिसून आलें. १८७३ च्या जानेवारींत डॅनियलसेन यांच्याच कन्येशीं त्यांचा विवाह झाला, आणि ता. २८ फेब्रुवारी रोजीं रोग्याच्या गांठींतील द्रव्यांत त्यांस सूक्ष्मदर्शक यंत्रांतून बारीक काड्यांसारखे जंतु दिसले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची तरुण पत्नी क्षयानें वारली. शोधाचा वृत्तांत त्यांनीं १८७४ त प्रसिद्ध केला. मनुष्याच्या जुनाट रोगाशीं जंतूचा संबंध दाखविणाऱ्या अगदीं पहिल्या शोधांपैकीं हा एक होय.

परंतु लोकांची खात्री होईना. हा जंतु पात्रांत वाढेना, जनावरांसही जडेना. १८७९ त जर्मनीचे डॉ. नाइसर बर्गनला आले, हॅन्सेन यांनीं दिलेले नमुने घेऊन गेले, आणि ते चांगले रंगवून शोधाचा मान आपल्याकडे घेऊं लागले.

त्याच वर्षीं हॅन्सेन यांच्या हातून मोठा अपराध घडला. रोग संसर्गानें जडतो हें सिद्ध करावें म्हणून त्यांनीं एका रोगी स्त्रीच्या डोळ्यांत दुसऱ्या रोग्याच्या गांठींतील द्रव्य टोचलें. तिची संमति घेतली नाहीं. विचारलें तर ती नाहीं म्हणेल हें ठाऊक असल्यामुळेंच आपण विचारलें नाहीं, असें त्यांनीं न्यायासनापुढें कबूल केलें. तिला त्यामुळें नवा रोग जडला नाहीं, पण वेदना झाल्या. १८८० त न्यायालयानें त्यांस रुग्णालयाच्या जागेवरून दूर केलें. ती बाई गरीब व रोगानें गांजलेली, आणि ते नांवाजलेले वैद्य. तरी न्याय तिच्या बाजूनें झाला. देशाच्या महारोगखात्याचे मुख्य अधिकारी मात्र ते पुढेंही राहिले.

त्यांच्या सल्ल्यानें १८७७ व १८८५ सालीं कायदे झाले. रोग्यानें घरींच वेगळ्या खोलींत राहावें, तें न साधल्यास रुग्णालयांत जावें, असें ठरलें. रोग्यांस ही सक्ति कष्टाची होती, आणि त्या काळींही कित्येकांनीं तिला विरोध केला. १८७५ त नॉर्वेंत सुमारें १,७५० रोगी होते. शतकाच्या अखेरीस ते सहाशेंहून कमी राहिले. सुधारलेलें राहणीमान हेंही त्याचें एक कारण असावें, असें पुष्कळ विद्वान मानतात.

हॅन्सेन यांनीं अमेरिकेस जाऊन तेथें वसलेल्या नॉर्वेजियन रोग्यांच्या वंशजांची चौकशी केली. तेव्हां मुलाबाळांत रोग आढळला नाहीं. आमच्या प्रांताशींही त्यांच्या कार्याचा संबंध आला. साताऱ्यास सिव्हिल सर्जन राहिलेले डॉ. कार्टर १८७३ त नॉर्वेस गेले, तेथील व्यवस्था पाहिली, आणि हिंदुस्थानासाठीं तिचा अहवाल लिहिला. १८९७ त बर्लिन येथें भरलेल्या परिषदेनें रोग संसर्गजन्य असल्याचें मान्य केलें. १९०९ ची परिषद खुद्द बर्गन येथें हॅन्सेन यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. ता. १२ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते निवर्तले. आज या व्याधीस हॅन्सेनचा रोग असेंही म्हणतात.

वाचकहो, हा रोग कुळाचा कलंक नव्हे. तो जंतूपासून होतो, आणि आतां सहा महिने ते एक वर्ष औषध नियमानें घेतल्यास पूर्ण बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसल्यास लाजून लपवूं नये, दवाखान्यांत दाखवावा. आणि जे आपण रोग्याच्या दारीं मदतीस जातों, त्यांनीं ती नॉर्वेची बाईही स्मरणांत ठेवावी. हेतु कितीही चांगला असो, ज्याचें शरीर त्यास विचारल्यावांचून त्यास हात लावूं नये.