गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर

आमच्या शिरपुरास अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात, आणि गावात भजनांचा सूर नेहमी कानी पडतो. त्यामुळे गायन ही शाळेत शिकावयाची विद्या आहे, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात तसे नव्हते. रागदारी गायन राजदरबारी आणि गवयांच्या घरी कोंडलेले होते. गुरूची वर्षानुवर्षे सेवा केल्यावाचून एखादी चीज पदरी पडत नसे. आणि गवयाचे गाणे आवडीने ऐकणारे लोकही त्यास आपल्या पंक्तीस बसवीत नसत. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचिले, त्यांचे अल्प चरित्र येथे देत आहो.

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. बालपणी फटाका तोंडाजवळ फुटून विष्णूचे डोळे भाजले, दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. ज्या मुलास पुस्तक वाचवत नाही त्याने पुढे करावे काय, हा वडिलांपुढे मोठा प्रश्न पडला. कीर्तनकाराच्या मुलाचा गळा चांगला होता. तेव्हा त्यास मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या स्वाधीन करण्यात आले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी मोठ्या कष्टाने संपादन करून महाराष्ट्रात आणिली होती. त्यांच्यापाशी विष्णुपंतांनी सुमारे नऊ वर्षे विद्याभ्यास केला.

मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण विष्णुपंतांस आले, पण गुरूंस आले नाही. कारण विचारता, ते केवळ गवई म्हणून, असे उत्तर मिळाले, अशी हकीकत सांगतात. हा घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही. सन १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडिली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. दरबारच्या बिदागीवाचून, सामान्य श्रोत्यांच्या आधारावर गवयास मानाने जगता येईल, हे त्यांस दाखवावयाचे होते.

दिनांक ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ते कोणा एका राजाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर चाले. तेथे क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि ठरलेला अभ्यासक्रम असे. स्त्रियांसही शिकण्याची मोकळीक होती. चिजा कागदावर उतरविण्यासाठी त्यांनी स्वतंत्र स्वरलिपी रचिली. ज्याची स्वतःची दृष्टी अधू, त्यानेच इतरांस गाणे डोळ्यांनी वाचता यावे अशी सोय करावी, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. पुढे पंडित भातखंडे यांची लिपी सोपी म्हणून अधिक प्रचारात आली. तथापि तेणेकरून पंडितजींच्या परिश्रमांचे मोल उणे होत नाही.

सन १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले. निवडक शिष्य पंडितजींच्या घरीच राहून वर्षानुवर्षे विनामूल्य शिकत. मोठी इमारत उभी राहिली. परंतु कर्जाचा बोजा पेलवला नाही आणि अखेर ती सावकारांच्या हाती गेली. घरीही दुःख थोडे नव्हते: बारा अपत्यांपैकी अकरा अल्पवयात गेली. उत्तरायुष्यात भगवी वस्त्रे धारण करून ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले. दिनांक २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण विद्यालय गेले असे आम्ही म्हणणार नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर आदी शिष्यांनी गावोगावी ही विद्या पोहोचविली, आणि त्याच १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विद्यार्थिमित्रहो, आज एखाद्या खेड्यातील मुलगी संगीताच्या परीक्षेस बसते, तेव्हा तिला तिचे कूळ कोणी विचारीत नाही. ते दार उघडण्यास किती किंमत पडली, हे तिने आणि आपण विसरू नये.