गजाननबुवा जोशी

पंडित गजाननराव अनंत जोशी ऊर्फ गजाननबुवा जोशी (जन्म : ३० जानेवारी १९११, मृत्यू : २८ जून १९८७) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ख्यालगायक, व्हायोलिनवादक आणि गुरू होते. व्हायोलिन या पाश्चात्त्य वाद्यातून रागसंगीत मांडणाऱ्या महाराष्ट्रातील आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते.

घराणे आणि शिक्षण

गजाननबुवांचा जन्म मुंबईतील गिरगावात झाला. घरात गाणे वडिलोपार्जित होते. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, हे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य होते आणि औंध संस्थानचे दरबारी गायक होते. गजाननबुवांची पहिली तालीम वडिलांकडेच झाली. पुढे त्यांनी आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे भूर्जी खाँ यांच्याकडून विद्या घेतली. घराण्यांच्या सीमा कसोशीने जपल्या जात असण्याच्या त्या काळात तीन घराण्यांच्या गायकी एका गळ्यात आणणे ही सोपी गोष्ट नव्हती. विनायकराव घांग्रेकरांकडे ते तबलाही शिकले. व्हायोलिन मात्र ते बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने शिकले.

वाद्य आणि त्याचे नाव

व्हायोलिन हे नाव इटालियन भाषेतले आहे. व्हिओला या वाद्यनामाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून व्हिओलिनो, म्हणजे लहान व्हिओला, हा शब्द झाला. मोठ्या वाद्याला व्हिओलोने म्हणत. त्याला पुन्हा लघुत्वाचा प्रत्यय लावून व्हिओलोनचेलो हे नाव बनले, ज्याचा शब्दशः अर्थ लहान मोठा व्हिओला असा काहीसा गमतीदार होतो. आज चेलो म्हणून ओळखले जाते ते हेच वाद्य. मराठीत व्हायोलिनला फिडल असेही म्हटले जाई. हा इंग्रजी शब्द कन्नडात गेल्यावर पिटीलु झाला. बंगालीत बेहाला, हिंदीत बेला आणि गोव्याच्या कोकणीत रबेक ही नावे आढळतात. मराठीने मात्र व्हायोलिन हा शब्द जवळजवळ आहे तसा ठेवला.

वाद्याच्या अंगोपांगांची गोष्ट वेगळी आहे. तारांवर फिरणाऱ्या कामठीला गज, तारा ज्यावर टेकतात तिला घोडी आणि तारा ताणणाऱ्यांना खुंट्या म्हणतात. हे शब्द सारंगीसारख्या गजवाद्यांच्या परिवारात आधीपासून होते. गजाच्या केसांना घासायची ती राळ. नाव परके राहिले, पण वाद्य हाताळण्याची भाषा घरचीच झाली.

वाजवण्याची रीतही बदलली. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरून बहुधा उभ्याने वाजवतो. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे डोके पायाच्या घोट्यापाशी टेकवतो, त्यामुळे डावा हात मिंडेसाठी मोकळा राहतो. पाश्चात्त्य पद्धतीत लगतच्या दोन तारांमध्ये पंचमाचे अंतर असते. हिंदुस्थानी वादक तारा षड्ज-पंचमाच्या अनुरोधाने जुळवून घेतात. कर्नाटक संगीतात हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच घडला होता. त्याचे श्रेय प्रामुख्याने मुथ्थुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी यांना दिले जाते. उत्तरेकडे हे वाद्य मैफिलीत स्थिरावायला विसावे शतक उजाडावे लागले.

वादनशैली

व्हायोलिनला पडदे नसतात. त्यामुळे स्वरांच्या मधल्या जागा, मींड आणि गमक त्यावर गळ्याप्रमाणेच घेता येतात. हार्मोनियमला हे साधत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली, त्यामागे हाही एक आक्षेप होता. मात्र पडदे नसल्यामुळे स्वर नेमका कोठे आहे हेही वाद्य सांगत नाही. ते कानालाच माहीत असावे लागते. गजाननबुवांकडे तो कान गायकाचा होता. म्हणून त्यांच्या वादनात ख्यालाची बढत, बोलअंग आणि ताना गायकीच्या क्रमाने येत. तबल्याच्या तालमीमुळे लयकारीवरही त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते, आणि गजाच्या आघातांतून ते ती खुलवीत. त्यांच्या वादनाला केवळ गाण्याची नक्कल म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

आकाशवाणी आणि अध्यापन

आकाशवाणीच्या मुंबई, लखनौ आणि इंदूर केंद्रांवर त्यांनी काम केले. शिष्यांना ते गायन आणि व्हायोलिन दोन्ही शिकवीत. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर आणि जयश्री पाटणेकर हे त्यांच्याकडे गायन शिकलेले कलावंत होत. व्हायोलिनमध्ये गोव्याचे श्रीधर पार्सेकर आणि पुत्र मधुकर जोशी यांची नावे घेतली जातात. अल्पायुषी ठरलेल्या पार्सेकरांचे १९६४ मध्ये, गुरूंच्या हयातीतच, निधन झाले. नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी यांनी गायनाची परंपरा पुढे चालवली.

औंधचा उत्सव

आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ अंतुबुवांनी १९४० मध्ये सातारा जिल्ह्यातील औंध येथे संगीत उत्सव सुरू केला. संस्थान विलीन झाले, दरबार संपला, तरी उत्सव चालू राहिला. १९८१ मध्ये त्यासाठी शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानची स्थापना झाली. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या या गावी देशभरातील कलावंत येऊन हजेरी लावतात.

सन्मान

गजाननबुवांना १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो हिंदुस्थानी कंठसंगीतासाठी होता. याच अकादमीने १९५५ मध्ये अंतुबुवांना गायनासाठीच गौरवले होते. व्हायोलिनवादक म्हणून सर्वत्र ओळखल्या गेलेल्या गजाननबुवांची अधिकृत नोंद त्यामुळे वडिलांच्या शेजारी, गायकांच्या यादीत आहे.