पंडिता रमाबाई आणि हातांचे शिक्षण

पंडिता रमाबाईंचे नाव घेताच आपल्या मनासमोर केडगावचे मुक्ती मिशन, विधवांचा कैवार आणि मूळ भाषांतून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर या तीन गोष्टी उभ्या राहतात. त्यांच्या कार्यातील चौथी गोष्ट मात्र आपल्याला क्वचितच आठवते. लहान मुलांच्या हाती माती, कागद, दोरा आणि लाकडी ठोकळे देऊन शिकवण्याची विद्या त्या परदेशात रीतसर शिकल्या आणि महाराष्ट्रात घेऊन आल्या. संस्कृत पंडितेला या विद्येचे महत्त्व इतके का वाटावे? याचे उत्तर त्यांच्या तरुणपणीच्या एका दारुण अनुभवात आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. हे स्थान आज कर्नाटकात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते आणि त्याच माउलीने रमाबाईंना विद्या दिली. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत पायी भटकू लागले. कोवळ्या वयातच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

अशातच मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले. भीक मागणे अभिमानाला मानवेना, अंगमेहनतीचे काम कमीपणाचे वाटे, आणि पोट भरण्याची दुसरी कोणतीही विद्या घरात कोणालाच शिकवलेली नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ मध्ये वडील गेले, लवकरच आईही गेली आणि पाठोपाठ थोरली बहीणही दगावली. आईला खांदा देण्यास माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. वाचकहो, त्या घरात विद्येचा दुष्काळ नव्हता. डोक्यात अपार ज्ञान होते, पण हातांना काही येत नव्हते. रमाबाईंना या गोष्टीचा पुढे कधीही विसर पडला नाही.

उरलेला भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आतच वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या सेवाकार्यात त्यांना ख्रिस्ताच्या प्रीतीचे प्रत्यक्ष दर्शन घडले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च रोजी वैद्यकीय पदवी मिळणार होती. त्या समारंभापुरताच मुक्काम करण्याचा त्यांचा विचार होता, पण तेथील बालोद्यान शाळा पाहून तो बदलला. ही पंडिता शिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गात विद्यार्थिनी म्हणून बसू लागली.

ही पद्धती जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांची. १७८२ मध्ये एका पाळकाच्या घरी जन्मलेल्या आणि तान्हेपणीच आईला मुकलेल्या या गृहस्थाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था उघडली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. परमेश्वर निर्माणकर्ता आहे, म्हणून त्याचे लेकरूही काही निर्माण करूनच वाढते, असा फ्रोबेल यांचा विश्वास होता. त्यांनी मुलांसाठी क्रमवार साधने योजली. प्रथम लोकरीचे सहा रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, नळकांडे व घन. त्यानंतर आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. मूल तो सोडवते, पुन्हा जुळवते, त्याचा जिना करते, पूल करते आणि तसे करताना अर्धा, पाव व आठवा भाग पाठांतरावाचून शिकते. जोडीला कागदाच्या घड्या घालणे, रंगीत पट्ट्यांची चटई विणणे, टोचलेल्या चित्रावर दोरा भरणे, चौकटींच्या पाटीवर आकृती काढणे आणि मातीच्या वस्तू करणे हेही असते. चित्रकला, रचना आणि तंत्रज्ञान या नावांनी आज जे विषय वेगवेगळे शिकवले जातात, त्यांचे मूळ या एकाच खेळात आहे.

रमाबाईंनी हे सारे आपल्या देशातील बालविधवांच्या दृष्टीने पाहिले. अमेरिकेत असतानाच त्यांनी मुलींसाठी मराठी वाचनपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि साहाय्यकांची संस्था उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलले. त्या काळी विधवेचे हात मंगलकार्यात वर्ज्य असत. घरची धुणीभांडी एवढेच काम त्या हातांना उरले होते. सदनात त्याच हातांना वाचन-लेखनाबरोबर शिवण व विणकाम शिकवले गेले आणि बालोद्यान पद्धतीने लेकरांना शिकवण्याचे शिक्षणही मिळाले. जिला समाज अशुभ मानी, तिच्याभोवती मुले गोळा होऊन रंगीत कागदाची फुले करू लागली. स्वतःची भाकरी मिळवणारी शिक्षिका म्हणून ती उभी राहिली.

हा मार्ग सुखाचा नव्हता. सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांनी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि शाळाही बंद केली नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवले. त्या तेथे गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुलींना वाचवून घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुलींचीही त्यात भर पडली. या लेकरांना नुसते अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. लहानग्यांसाठी बालोद्यान, त्यांच्याहून मोठ्यांसाठी शाळा आणि जोडीला हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा, गोठा, बेकरी, शेती व छापखाना अशी व्यवस्था त्यांनी केली. अंध भगिनींनाही वगळले नाही. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून ती त्यांना शिकवली. आपल्यावर आली तशी वेळ या मुलींपैकी एकीवरही पुन्हा येऊ नये, ही त्या साऱ्या योजनेमागची तळमळ होती.

त्या छापखान्यात एकेकाळच्या निराधार मुली खिळे जुळवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर याच हातांनी छापले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो हाती घेताना, प्रिय वाचकहो, त्यामागे विद्वत्तेइतकेच खिळे जुळवणाऱ्या बोटांचे कष्ट आहेत, हे ध्यानी असू द्यावे.

आता आपल्या मुलांकडे वळू. प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला व कार्यानुभव हे विषय असतात, पण परीक्षा जवळ आली की पहिला तास त्यांचाच जातो. मुलाने मातीत हात घातले की आपण ओरडतो आणि पाढे म्हटले की कौतुक करतो. आपण तर अशा प्रभूचे अनुयायी आहोत, ज्याने नासरेथात सुताराचे काम केले. पौल तंबू करून पोट भरीत असे. निवासमंडप उभारणाऱ्या बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने भरले, ते कारागिरीसाठी. मग हातांच्या कामाला आपल्या घरी दुय्यम स्थान का असावे?

आपल्या मंडळीतील रविवारच्या शाळेत माती, कागद आणि कात्री आणा. मुलाच्या शाळेत गेलात तर गुणांबरोबरच त्याने काय करून पाहिले, हेही विचारा. त्याने केलेली वस्तू वेडीवाकडी असली तरी ती फेकू नका, घरात मांडून ठेवा. केवळ पाठांतरावर वाढलेले घर संकटात कसे कोसळते, हे रमाबाईंनी सोसून जाणले होते. ते आपल्या लेकरांना सोसावे लागू नये, म्हणून त्यांचे हात आजच शिकते करू या.